रोजगार हमीचें काम आणि सुगीचा मजूर

सुगीचे दिवस आले म्हणजे आपल्या सोसायटीच्या ओट्यावर एक तक्रार नेमानें ऐकूं येते. ज्वारी काढणीस उभी आहे, पाखरें कणसांवर तुटून पडलीं आहेत, आणि माणूस मिळत नाहीं. मग कोणी तरी म्हणतो, सरकारनें हीं रोजगार हमीचीं कामें काढलीं तेव्हांपासून मजूर शेताकडे फिरकेनासा झाला. रस्त्याकडेला खोरें टेकून उभें राहिलें तरी पैसे मिळतात, मग आमच्या रानांत कोण राबणार? ऐकणारे माना डोलावतात. प्रस्तुत लेखकही पुष्कळ वर्षें या माना डोलावणाऱ्यांपैकींच होता. परंतु तहसील कचेरींत कारकुनी करून सेवानिवृत्त झाल्यावर, आणि त्या कारकुनींतील कांहीं वर्षें रोजगार हमीच्याच टेबलावर घालविल्यावर, ही तक्रार जशीच्या तशी मान्य करणें मला जड जातें. ती अगदींच खोटी आहे असें नव्हे. पण तिचें मूळ आपण समजतों तेथें नाहीं, आणि मूळ चुकल्यामुळें उपायही चुकतो, एवढेंच मला शेतकरी बंधूंपुढें मांडावयाचें आहे.

ही योजना दिल्लीहून उतरलेली नाहीं, हें आपल्यापैकीं तरुण मंडळींस बहुधा ठाऊक नसतें. तिचा पहिला प्रयोग १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत, विसापूरच्या परिसरांतील गांवीं झाला. त्या वेळीं विधान परिषदेचे सभापति असलेले वि. स. पागे यांची ती कल्पना. दुष्काळ पडला म्हणजे कामें काढावयाचीं ही रीत इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली होती. नीरा डाव्या कालव्याचें काम १८७६-७७ च्या दुष्काळांत उपाशी माणसांच्या हातांनीं सुरू झालें, आणि आज त्याच कालव्याखालीं ऊंस डोलतो आहे. पण त्या रीतींत काम ही सरकारची कृपा होती. कलेक्टरनें टंचाई जाहीर केली तर काम, नाहीं तर नाहीं. पागे यांचें म्हणणें याहून निराळें होतें. ज्याच्या अंगांत कष्ट करण्याची ताकद आहे आणि जो काम मागतो, त्याला काम देणें हें सरकारवर बंधन असावें. आणि तें कामही असें असावें कीं त्यानें जमीन सुधारावी, पाणी अडावें. मागणी हा या सर्व इमारतीचा पाया होय. पुढील मजकूर वाचतांना हा एक शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हां मी चार वर्षांचा होतों. आमची बारा एकर जिराईत जमीन होती. सातबारावर वडिलांचें नांव होतें. आणि तरीही आई-वडील दोघेंही खडी फोडावयास जात. मला आई कडेवर घेऊन जाई व बाभळीच्या सावलींत बसवी. सुकडीची चव आणि तांबड्या मिलोच्या भाकरीचा वास मला अद्याप आठवतो, कीं पुढें ऐकून ऐकून आठवतो असें वाटतें, तें सांगतां येत नाहीं. गांवांतील मोठ्या वाड्यांतल्या सुनाही त्या वर्षीं डोक्यावर घमेलें घेऊन उभ्या होत्या. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यभरांत सुमारें पन्नास लक्ष माणसें अशा कामांवर होतीं. त्यांपैकीं पुष्कळ आपल्यासारखे जमीनधारकच होते. सातबारा कोणाच्या नांवावर आहे हें खडीच्या ढिगानें विचारलें नाहीं. आज ओट्यावर बसून ‘हमीवरचा मजूर’ असें आपण जरा हिणवून बोलतों, तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें आईच्या हाताचे फोड येतात.

त्याच वर्षांपासून योजना राज्यभर लागू झाली. विधिमंडळानें तिला कायद्याचें रूप दिलें आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. पैशाची तजवीजही त्या काळच्या लोकांनीं मोठ्या धोरणानें केली. १९७५ सालीं व्यवसाय कर बसविला गेला. मुंबई-पुण्यांतील पगारदाराच्या पगारांतून दरमहा थोडी रक्कम कापावयाची, बागाइतावरील खास आकारणीसारखे आणखी कांहीं कर जोडावयाचे, आणि जितकी रक्कम जमेल तितकीच सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावयाची. माझ्याही पगारांतून हा कर तीस वर्षांहून अधिक काळ कापला गेला. मुंबईतील कचेरींत बसणाऱ्या माणसानें माण-खटावच्या बांधबंदिस्तीचा खर्च सोसावा, ही गोष्ट साधी नव्हे. दिल्लीच्या सरकारनें असा कायदा २००५ सालीं केला व २ फेब्रुवारी २००६ पासून तो प्रथम दोनशें जिल्ह्यांत लागू केला. म्हणजे आपल्यानंतर सत्तावीस वर्षांनीं. त्या केंद्रीय कायद्यांत दर कुटुंबास वर्षांत शंभर दिवसांची हमी होती. त्यापुढील दिवसांचा भार महाराष्ट्र सरकार उचलीत असे.

आतां नियम. ते कंटाळवाणे असतात, पण ज्यास नियम ठाऊक नाहीं त्याला आमच्यासारखा कारकून सहज परत पाठवितो, म्हणून थोडें सांगणें प्राप्त आहे. अठरा वर्षांवरील कोणाही खेडूतानें नमुना ४ मध्यें कामाची मागणी करावी. तारीख घातलेली पोच घ्यावी. त्या तारखेपासून पंधरा दिवसांच्या आंत काम मिळावें. न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळावा. राज्याच्या जुन्या कायद्यांत हा भत्ता आरंभीं रोज एक रुपया होता. केंद्रीय कायद्यांत तो पहिले तीस दिवस मजुरीच्या चतुर्थांशापेक्षां व पुढें निम्म्यापेक्षां कमी नसावा असें ठरलें. मजुरी हजेरीवर नव्हे, खोदलेल्या मातीच्या मोजमापावर. तेव्हां खोरें टेकून उभें राहणाऱ्याला पैसे मिळत असतील तर तो दोष मोजणाऱ्याचा व मोजमाप पुस्तकावर सही करणाऱ्याचा आहे. असे प्रकार झाले नाहींत असें मी म्हणणार नाहीं. हजेरीपटावर परगांवीं गेलेल्यांचीं नांवें मीं स्वतः पाहिलीं आहेत. पण कागदावरच्या माणसानें कोणाच्या रानांतला मजूर पळविला, असें म्हणतां येणार नाहीं.

याच टेबलावर मजकडून जें घडलें तें येथें सांगतों.

सन २००३ चा पावसाळा आमच्या माणदेशी भागांत कोरडा गेला. २००४ च्या जानेवारींत एका गांवचीं माणसें कचेरींत आलीं. बायका अधिक होत्या. गांवच्या वरच्या अंगास एका पाझर तलावाचा बांध आदल्या सालीं निम्मा होऊन पडला होता. तें काम पुन्हां सुरू करावें अशी त्यांची मागणी. मीं माणसें मोजलीं. सत्तेचाळीस भरलीं. नवें काम काढावयास पन्नास मजुरांची मागणी हातीं असली पाहिजे असा तेव्हां नियम होता. मीं तो वाचून दाखविला. पुढें उभी असलेली एक वृद्ध बाई म्हणाली, “भाऊसाहेब, तीन माणसं आम्ही कुठनं आणायची? जी गांवात हैत ती समदी आल्यात.” मीं सांगितलें, अर्जावर तारीखही नाहीं, ग्रामपंचायतींतून रीतसर भरून आणा. आणि मी जेवणाचा डबा सोडावयास उठलों.

नियम खोटा सांगितला नाहीं, अर्धा सांगितला. पन्नासांची अट नव्या कामास होती. त्याहून कमी माणसें आलीं तर त्यांस पंचायत समितीच्या हद्दींत चालूं असलेल्या दुसऱ्या कामावर पाठवावयाचें, आणि तसें काम नसेल तर भत्ता द्यावयाचा. त्यांस अर्ज तेथेंच भरून देणें व पोच फाडणें हें माझें काम होतें. पण पोच दिली कीं पंधरा दिवसांचा काळ मोजूं लागतो, आणि वरिष्ठ विचारतात कीं ही नसती उठाठेव कशाला केली. त्यामुळें पोच देण्याचें टाळणें ही गोष्ट टेबलावर बसल्या बसल्या आपोआप अंगवळणीं पडते. माझ्या सर्व नोकरींत बेकारी भत्त्याचा एक रुपयाही माझ्या टेबलावरून गेला नाहीं, आणि ही गोष्ट त्या काळीं मला भूषणावह वाटे.

तीं माणसें पुन्हां आलीं नाहींत. पंधरा दिवसांनीं तलाठ्याकडून कळलें कीं अर्धें गांव पुण्याकडील वीटभट्ट्यांवर गेलें, कांहीं कुटुंबें मुंबईस गेलीं. म्हाताऱ्यांच्या हवालीं शेरडें राहिलीं. आतां पुढील भाग माझ्या जमीनधारक वाचकांनीं नीट वाचावा. त्या सालीं जूनमध्यें मृगाचा पाऊस वेळेवर आला, आणि त्याच गांवचे बागाइतदार पेरणीस माणूस मिळत नाहीं म्हणून कचेरींत येऊन रोजगार हमीला शिव्या देऊं लागले. त्यांच्या गांवांत त्या उन्हाळ्यांत हमीचें एकही काम चालूं नव्हतें! माणूस हमीनें नेला नव्हता. हमी न मिळाल्यामुळें गेला होता. वीटभट्टीवाल्यानें उचल दिलेली असते, ती फिटेपर्यंत कुटुंब परत कसें येणार? ज्यांची उचल फिटली त्यांपैकींही कांहीं तेथेंच राहिलीं, कारण मुलें शाळेंत घातलीं होतीं. आणि निम्मा झालेला तो बांध पुढच्याच पावसांत मधोमध फुटला. खालच्या अंगाच्या चार-पांच जमीनधारकांच्या ताली वाहून गेल्या. त्यांत कोरडवाहू शेतकरी होते तसा एक चांगला बागाइतदारही होता.

तेव्हांपासून मी असें मानूं लागलों कीं शेतावरचा मजूर सुगींत हवा असेल तर तो उन्हाळ्यांत गांवांत राहिला पाहिजे, आणि उन्हाळ्यांत आपण त्याला काम देऊं शकत नाहीं. आपल्या जिराईत रानांत फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत काय काम असतें? नांगरट झाली, काटक्या वेंचल्या, झालें. ते तीन-चार महिने हमीच्या कामानें भरून काढले तर कुटुंब घरीं राहतें, आणि मृगाच्या सरीबरोबर आपल्या बांधावर उभें राहतें. हमीचें काम हें शेतीच्या कामाचें वैरी नव्हे. मजुरीच्या दरावर त्याचा दाब येतो हें खरें. ज्यास किमान वेतनाहून कमी देऊन काम करवून घ्यावयाची संवय झाली होती त्यास हा दाब बोचतो. १९८८ सालीं शेतमजुरीचे किमान दर दुप्पट झाले व हमीचे दरही त्याबरोबर चढले, तेव्हां मोठी ओरड झाल्याचें जुने लोक सांगतात. त्या बोचणीबद्दल मला सहानुभूति आहे, कारण मीही चार एकर जमीन गड्याकडून करवून घेतों. पण घरांत पोट न भरणारा गडी स्वस्त पडतो हा हिशेब मला आतां पटत नाहीं.

शिवाय हें काम कोणाच्या जमिनीवर होतें, याचा आपण विचार करीत नाहीं. पाझर तलाव झाला तर विहीर कोणाची भरते? ज्याला विहीर आहे त्याची. नाला अडविला तर ओल कोणाच्या रानांत राहते? मजुराला मजुरी मिळते व ती चार दिवसांत पोटांत जाते. बांध मात्र आपल्या शेताच्या वर उभा राहतो. १९९० पासून फळबाग लागवड हमीशीं जोडली गेली, तेव्हां आंबा, काजू, बोर, डाळिंब, सीताफळ यांच्या बागा खासगी जमिनींत उभ्या राहिल्या आणि खड्डे खणण्याची मजुरी सरकारनें दिली. ज्या माळावर कुसळाखेरीज कांहीं उगवत नव्हतें तेथें आज डाळिंबाच्या गाड्या भरतात. पुढें केंद्रीय कायद्याखालीं अल्पभूधारकांस सिंचन विहिरीही मिळाल्या. अट एवढीच कीं स्वतःचें जॉबकार्ड काढावें व स्वतः राबावें. आमच्या गांवांतील कित्येकांना जॉबकार्ड काढण्याची लाज वाटली. ज्यांना ती वाटली नाहीं त्यांची विहीर आज पाणी देते.

आतां शिक्षणाचा मुद्दा, आणि माझ्या मतें खरी उणीव येथेंच आहे. मातीकामास अक्कल लागत नाहीं अशी एक समजूत आहे. ती सर्वस्वी चुकीची. उतारावर समतल चर खणावयाचा तर दोन्ही टोकें एका पातळींत आलीं पाहिजेत. हातभर चूक झाली तर पाणी एका बाजूस धांवून चरच फोडतें. सांडवा कोठें ठेवावा, बांधाचा पाया किती खोल घ्यावा, काळी माती कोठें व मुरूम कोठें, हें ज्ञान आहे. पारदर्शक नळींत पाणी भरून समतल रेषा काढण्याची युक्ति दहावी झालेला मुलगा एका दिवसांत शिकतो. पण ती त्याला शिकवावयाची कोणी? शाखा अभियंत्याकडे दहा-वीस गांवें. तो आठवड्यानें येणार, मोजमाप तोंपर्यंत थांबणार, मोजमाप थांबलें कीं पगार थांबणार, पगार थांबला कीं मजूर दुसऱ्या दिवशीं कामावर येणार नाहीं. कामें बंद पडण्याचीं जीं कारणें मीं फाइलींत वाचलीं त्यांत ‘मजूर उपस्थित राहिले नाहींत’ हें वाक्य फार वेळां येई. ते कां उपस्थित राहिले नाहींत हें त्या फाइलींत कधीं लिहिलेलें नसे.

सरकारी खर्चानें धंदेशिक्षण देण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १९७९ सालीं ग्रामीण तरुणांस स्वयंरोजगारासाठीं शिकविण्याची ‘ट्रायसेम’ नांवाची योजना निघाली. शिवणकाम, सुतारकाम, पंपदुरुस्ती असे विषय असत. पुढें जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांच्या मार्फत चालणाऱ्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आल्या, तेथें राहणें-जेवणें फुकट. हमीखालीं शंभर दिवस पुरे केलेल्या घरांतील एकास हुन्नर शिकविण्याची ‘उन्नति’ नांवाची योजना २०१९ च्या अखेरीस निघाली. मजूर कुटुंबांतील शिकलेल्या मुलांस तीन महिने स्थापत्याचें शिक्षण देऊन गांवचा मोजणीदार करावयाची योजनाही केंद्र सरकारनें काढली होती. तिला ‘बेअरफूट टेक्निशियन’ असें नांव होतें. या सर्वांत ही शेवटचीच मला कामाची वाटली, आणि आमच्या बाजूस तिचाच प्रसार सर्वांत कमी पाहिला. २०२४ सालीं राज्य सरकारनें सुशिक्षित तरुणांस कचेऱ्यांत व कारखान्यांत सहा महिने काम शिकविण्याची योजना काढली. बारावी झालेल्यास सहा हजार, आय. टी. आय. झालेल्यास आठ हजार व पदवीधरास दहा हजार रुपये दरमहा विद्यावेतन. पुढें मुदत पांच महिन्यांनीं वाढली. आमच्या ओळखीचीं कित्येक मुलें ग्रामपंचायतींत व शाळांत बसलीं, जावक क्रमांक घालावयास शिकलीं, आणि मुदत संपल्यावर घरीं आलीं. त्यांतल्या एकासही कोणीं हातांत टेप देऊन बांधावर नेलें नाहीं. जावक क्रमांक घालण्याची विद्या किती दूर नेते, हें माझ्याइतकें कोणास ठाऊक असणार!

उलट आमच्या शेजारच्या खानापूर-आटपाडी भागांतील मुलें पहा. गलाईच्या धंद्यांत, म्हणजे सोनें-चांदी गाळण्याच्या कामांत, मामा भाच्यास घेऊन जातो, भट्टीशीं बसवितो, आणि तो मुलगा देशाच्या कोणत्याही शहरांत पोट भरतो. त्याचें शिकणें प्रत्यक्ष कामावर होतें आणि शिकल्यावर काम समोरच असतें. सरकारी शिक्षणांत ह्याच दोन गोष्टींचा सांधा जुळत नाहीं. हमीच्या कामावर काम समोर आहे, शिकविणारा नाहीं. प्रशिक्षण वर्गांत शिकविणारा आहे. पुढें काम नाहीं. दोन्ही खर्च एकाच तिजोरींतून होतात.

डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें जुन्या केंद्रीय कायद्याच्या जागीं नवा कायदा संमत केला. त्यांत शंभराऐवजीं एकशेंपंचवीस दिवसांची हमी आहे. खर्चाचा चाळीस टक्के भार आपल्यासारख्या राज्यांवर टाकला आहे. आणि पेरणी व काढणीच्या ऐन दिवसांत मिळून वर्षांत साठ दिवसांपर्यंत कामें बंद ठेवण्याची तरतूद आहे, ते दिवस राज्यानें आगाऊ जाहीर करावयाचे. ही शेवटची तरतूद ऐकून ओट्यावर टाळ्या पडल्या. मीं त्यांत टाळी दिली नाहीं. सुगींत काम बंद ठेवण्यास माझा विरोध नाहीं. सुगींत आपल्याकडे हमीच्या कामास माणूस तसाही थोडाच येत असे. पण बंदीच्या साठ दिवसांवर नजर ठेवणाऱ्या जमीनधारकानें उरलेल्या तीनशें पांच दिवसांवरही तितकीच नजर ठेवावी. चैत्र-वैशाखांत काम निघालें नाहीं तर ज्येष्ठांत बंदी करून उपयोग काय? वीटभट्टीवर गेलेला माणूस राजपत्रांतील जाहिरात वाचून परत येत नाहीं. आणि राज्यावर खर्चाचा भार वाढला म्हणजे मागणीची पोच न देण्याचा मोह माझ्या जागीं बसलेल्या कारकुनास किती होईल, तें मी अनुभवानें जाणतों.

म्हणून गेल्या उन्हाळ्यांत मीं एक उद्योग केला. २००४ सालीं परत पाठविलेल्या त्याच गांवीं गेलों. ती वृद्ध बाई आतां हयात नाहीं. तिचें कुटुंब मात्र वीटभट्टीवरून परत आलेल्या थोड्यांपैकीं एक. तिचा नातू बारावी होऊन घरींच बसला आहे. मीं कोण तें त्याला सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. चहा ठेवावयास सांगून बाहेर गेला व पाण्याची नळी आणि टेप घेऊन आला. दोघांनीं मिळून फुटलेला बांध मोजला. बांधावर बाभळी माजल्या आहेत. फुटलेल्या तोंडाची लांबी साडेअकरा मीटर भरली. खालच्या अंगाच्या बागाइतदारानें, ज्यानें तेव्हां पेरणीच्या वेळीं हमीला शिव्या दिल्या होत्या, आपल्या ट्रॅक्टरनें दगड आणून देण्याचें कबूल केलें. मात्र काम पावसाळ्यापूर्वीं झालें पाहिजे अशी त्याची अट. बावीस जणांचे मागणीअर्ज मीं स्वतःच्या अक्षरांत भरले. ग्रामपंचायतींत ते देतांना नातवानें प्रत्येकाची पोच मागून घेतली, आणि पोचेवरची तारीख एकेक करून वाचून पाहिली.